दुसऱ्या पसंतीला काय लिहिणार?

प्रश्न : सर, मी कोरेगाव तालुक्यातला. बारावी सायन्सला आहे, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स. यंदा एनडीएचा, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा फॉर्म भरतोय. त्यात आर्मी, नेव्ही, एअर फोर्स आणि नेव्हल अॅकॅडमी यांचा पसंतीक्रम लावायचा आहे आणि तिथेच अडलोय. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. ते म्हणतात, जायचं तर पलटणीत, बाकी सगळं कारकुनी. क्लासचे सर म्हणतात, एअर फोर्स एक नंबरला टाक, त्याचा दर्जा सगळ्यात वरचा, नाही मिळालं तर आपोआप खाली येशील. मामा नवी मुंबईत असतो. तो म्हणतो नेव्ही घे, जग बघशील आणि रिटायर झाल्यावर मर्चंट नेव्हीत बक्कळ पैसा. आई म्हणते, जिथे जिवाला धोका कमी तिथे जा. मला कुंभार्ली घाटात एसटी लागते, त्यामुळे नेव्हीची भीती वाटते. तिन्हींत चांगलं दल कोणतं?
— गोंधळलेला, जि. सातारा

चि. गोंधळलेले कोरेगावकर,

नाव छापत नाही. ‘बाकी सगळं कारकुनी’ हे वाक्य आपल्या नावावर छापलेलं बघून आजोबा तुझ्यावर रागावतील की खूश होतील, याचा मला अंदाज नाही.

तुझ्या पत्रात आजोबा बोलतात, सर बोलतात, मामा बोलतो, आई बोलते. तुझं स्वतःचं असं एकच वाक्य आहे : घाटात एसटी लागते. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी नौदलात होतो, कमांडर म्हणून बाहेर पडलो. तेव्हा माझं पारडं कुठे झुकणार हे उघड आहे, ते धरूनच पुढचं वाच. मीही घाटावरचाच. लहानपणी आमच्याकडे एसटीत आई मला खिडकीशी बसवायची आणि मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी द्यायची. पुढे अधिकारी होऊन पहिल्यांदा भर पावसाळ्यात अरबी समुद्रात निघालो, तेव्हा पिशवीच्या जागी बादली आली एवढाच फरक. रात्री बारा ते पहाटे चार ही पाळी, तिला मिडल वॉच म्हणतात. ब्रिजवर मुद्दाम अंधार ठेवलेला असतो, कारण आत उजेड असला की बाहेरचं दिसत नाही. समोर रडारचा पडदा, होकायंत्राचा मिणमिणता आकडा, आणि माझ्या पायाशी रेलिंगला दोरीने बांधलेली ती बादली. दर दहा-पंधरा मिनिटांनी खाली वाकायचं, तोंड पुसायचं, परत उभं राहून मच्छीमार बोटींचे दिवे मोजायचे. कॅप्टन मागच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेले. मला वाटलं, झोपलेत. तेवढ्यात विचारलं, "दिवे किती?" मी म्हटलं, "सात सर, आणि एक आत्ता होता तो दिसेनासा झालाय." "तो शोध," एवढंच म्हणाले. माझ्या ओकाऱ्यांबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी पोळी पोटात राहिली. बहुतेकांचं असंच होतं, दोन-तीन दिवसांत शरीर जमवून घेतं. महिनाभर बंदरात राहून पुन्हा निघालं की पहिला दिवस परत तसाच जातो. पण त्याची भीती जाते. तेव्हा एसटी लागते या कारणाने नौदलावर फुली मारू नकोस. फुली मारायचीच असेल तर ती तो आठवा दिवा शोधायचा कंटाळा येणार असेल तर मार. नौदलातल्या अधिकाऱ्याचं तरुणपण बरंचसं या कामात जातं. चार तास पाळी, मग झोप, मग आपल्या विभागाची यंत्रं, माणसं आणि कागद, की परत पाळी. जग बघायला मिळतं, खोटं नाही, पण त्यातलं बरंचसं जग निळं आणि रिकामं असतं.

आता ‘चांगलं दल कोणतं’ याबद्दल. पगार विचारत असशील तर तिन्हीकडे सारखाच : लेफ्टनंट असो, सब लेफ्टनंट असो की फ्लाइंग ऑफिसर, मूळ वेतन ५६,१०० पासून आणि वर लष्करी सेवेचे महिना १५,५००. फरक पडतो तो भत्त्यांत, आणि भत्ता जिथे मोठा तिथे त्यामागे कारणही तेवढंच मोठं असतं. सियाचीनवर अधिकाऱ्याला महिना ४२,५०० भत्ता आहे. तो कुणी हौसेने कमवायला जात नाही. हुद्दे, बढत्यांची शिडी, पेन्शन यांतही दर्जाचा वर-खाली नाही. तेव्हा ‘वरचा दर्जा’ हा शब्द सरांनी कुठून आणला ते त्यांनाच विचार.

पण सरांचं दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण ते अर्धं खरं आहे. वाटप गुणानुक्रम आणि पसंती या दोन्हींवर होतं. लेखीचे ९०० (गणित ३००, सामान्य क्षमता ६००) आणि एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीचे ९००, असे १,८०० गुण मिळून यादी लागते. एका कोर्सच्या एनडीएतल्या ३७० जागांपैकी सर्वसाधारणपणे २०८ आर्मीच्या, १२० एअर फोर्सच्या आणि ४२ नेव्हीच्या असतात. एझिमलाच्या नेव्हल अॅकॅडमीच्या थोड्या जागा वेगळ्या. यादीत तुझा नंबर आला की तुझी पहिली पसंती बघतात. तिथे जागा आहे आणि तू वैद्यकीयदृष्ट्या बसतोस, तर ती मिळाली. नसेल तर दुसरी. त्यामुळे ‘आर्मी वर टाकली तर निवड सोपी होते’ ही अफवा आणि ‘एअर फोर्स वर टाकून बघू, बिघडतं काय’ हा सल्ला, दोन्ही सोडून दे. निवड पसंतीने होत नाही, गुणांनी होते. बिघडतं ते तू चांगले गुण मिळवलेस तर! मग जे पहिलं लिहिलंयस तेच पदरात पडतं, आणि फॉर्म एकदा भरला की पसंतीक्रम बदलता येत नाही. केवळ रुबाबासाठी लिहिलेलं पहिलं नाव खरंच मिळून बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

त्यातला एक माझ्याच स्क्वाड्रनमधला, म्हणजे एनडीएत एकत्र राहणाऱ्या कॅडेटांच्या तुकडीतला. खडकवासल्याला तिन्ही दलांचे कॅडेट तीन वर्षं एकाच छताखाली राहतात. दल आधीच ठरलेलं असतं, पण केबिन, शिक्षेचा रगडा, सिंहगडावरची धाव आणि मेसमधलं ताट सगळ्यांचं एकच. पोहणंही सगळ्यांना यावंच लागतं, आर्मीवाल्यालाही. येत नसेल तर शिकवतात. तर हा मित्र एअर फोर्सचा. घरी विमानाची चित्रं, वडिलांनी गावभर ‘पायलट’ म्हणून सांगितलेलं. एनडीएनंतर हैदराबादजवळच्या डुंडीगलला गेला आणि तिथे काही तासांच्या उड्डाणांनंतर त्याचं फ्लाइंग थांबवलं. मुलगा हुशार होता, घाबरटही नव्हता. उतरताना जमिनीचा अंदाज त्याला वेळेत यायचा नाही, एवढंच. अशा मुलाला हवाई दल घरी पाठवत नाही, जमिनीवरच्या शाखेत घेतं. तो तिथे गेला, उत्तम काम केलं, माझ्यापेक्षा चांगल्या हुद्द्यावर निवृत्त झाला. पण पहिली पाच-सहा वर्षं तो कुणाच्या लग्नाला यायचा नाही. कुणीतरी हमखास विचारायचं, "मग, कोणतं विमान?"

विमान चालवायला शिकणं म्हणजे नेमकं काय, हे मला त्याच्याकडून आणि दुसऱ्या एकाकडून कळलं. हा दुसरा पुढे लढाऊ विमानांवर गेला. चाळीस मिनिटांच्या उड्डाणाआधी तासभर त्याची उजळणी आणि उतरल्यावर तेवढाच वेळ चिरफाड. सगळ्यांसमोर, फळ्यावर, वेग कुठे पाचने चुकला आणि वळण कुठे उशिरा घेतलं, हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं. त्याला ते आवडायचं. मला नसतं आवडलं. लढाऊ विमान, मालवाहू विमान की हेलिकॉप्टर, हेही तिथे फक्त तुझ्या मर्जीवर नसतं. प्रशिक्षणातली कामगिरी आणि तेव्हाची गरज बघून ठरतं.

तर एअर फोर्स लिहायचं असेल तर स्वतःला आधी एक विचार : उद्या फ्लाइंग सुटलं तरी याच निळ्या गणवेशात मला राहायचं आहे का? त्या १२० जागांतल्या ९२ फ्लाइंगच्या असतात, उरलेल्या पहिल्यापासूनच जमिनीवरच्या. आणि ज्याला फक्त उडायचंच आहे, मग कुठल्या का रंगाच्या कपड्यांत, त्याला कुणीतरी सांगायला हवं की आर्मीचं स्वतःचं एव्हिएशन कोअर आहे, त्यांचे वैमानिक नाशिकला तयार होतात. नौदलाची विमानं गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसावरून उडतात आणि समुद्रात जहाजाच्या डेकवर उतरतात. डेकवर उतरणं हा काय प्रकार आहे ते हवाई दलातल्या मित्राला विचारलं, की तो विषय बदलतो.

पायलटसाठी एक कॉम्प्युटरवरची चाचणी असते, सीपीएसएस. आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालास तर फ्लाइंगचं दार कायमचं बंद, आर्मी-नेव्हीची मात्र उघडी राहतात. म्हणूनही ‘टाकून बघू’ नको.

याच ओघात डोळ्यांचं सांगतो, कारण क्लासवाले हे सगळ्यात शेवटी सांगतात. साताऱ्याला चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि पूर्ण तपासणी करून घे, बाहुली मोठी करणारे थेंब टाकून, आणि त्या रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेल्या पुस्तकाचीही. लांबचं दिसायला चष्मा लागतो त्याला एनडीएतून फ्लाइंगला जाता येत नाही. आर्मीचे निकष त्यापेक्षा बरेच सैल आहेत, नेव्हीचे वेगळे. वैमानिकाची तर बसलेली उंची, पायाची आणि मांडीची लांबीसुद्धा मोजतात, कॉकपिटमध्ये माणूस मावायला हवा म्हणून. तपासणीला काही शे रुपये लागतील. ते न केल्यामुळे एसएसबीचे पाच दिवस काढून, निवड होऊन, मेडिकलला बाहेर पडलेल्या पोराच्या शेजारी मी रेल्वेत बसलेलो आहे. पुण्यापर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता आणि मला बोलायला एक शब्द सुचला नाही.

मामांचं थोडक्यात. सतराव्या वर्षी निवृत्तीनंतरच्या नोकरीवरून गणवेश निवडू नकोस. शिवाय नौदलातून मर्चंट नेव्हीत जाणं म्हणजे एका बसमधून उतरून दुसरीत बसणं नव्हे. तिकडचे परवाने वेगळे, परीक्षा वेगळ्या. मामांना म्हणावं, फक्त पैसाच हवा तर थेट तिकडेच जाऊ दे की पोराला.

आईला मात्र मी उडवून लावणार नाही. तिला खरं सांग. पायदळाला सगळ्यात जास्त झळ बसते, हे तुझ्या आजोबांना कुणी सांगायला नको आणि साताऱ्याच्या बायकांना तर मुळीच नको. तुमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीतले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले, गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ चिकटलं. १९९९ च्या कारगिलमध्ये ५२७ जण गेले, त्यातले बहुतेक लष्कराचे. पण समुद्र सुरक्षित आहे असं मी तिला सांगितलं तर ते खोटं होईल. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री आयएनएस खुकरी बुडाली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक एकाच वेळी गेले, कॅप्टन मुल्ला जहाजासोबत. आणि हवाई दलात शांततेच्या काळातही सरावात विमानं पडतात. धोक्याचा तक्ता मांडून दल निवडता येत नाही, कारण धोका दलापेक्षा शाखेवर, पोस्टिंगवर आणि त्या वर्षी सीमेवर काय चाललंय त्यावर जास्त अवलंबून असतो. आईचा प्रश्न खरं तर वेगळा आहे : पोरगा फौजेत जायलाच हवा का? त्याचं उत्तर तुला द्यायचंय, माझ्या सदराने नाही. तिच्याशी एकदा मामा-सर-आजोबा कुणी नसताना बोल. भाकरी थापत असेल तेव्हा बोल, समोरासमोर बसवून नको.

आता आजोबा. यांच्याकडे मी मुद्दाम शेवटी आलो, कारण तुझ्या घरात या विषयावर खरं काही ठाऊक असलेलं माणूस तेच आहेत आणि तू त्यांना चुकीचा प्रश्न विचारलायस.

मराठा लाइट इन्फंट्री १७६८ सालची. तिचं केंद्र बेळगावला. साताऱ्याच्या घराघरात तिचं कुणी ना कुणी. पण तू एनडीएतून गेलास तर त्या पलटणीत जाशील, याची हमी कुणी देऊ शकत नाही. एनडीएनंतर डेहराडूनच्या आयएमएत, म्हणजे इंडियन मिलिटरी अॅकॅडमीत एक वर्ष, आणि तिथे पुन्हा एकदा पसंती लिहायची : पायदळ, रणगाडे, तोफखाना, इंजिनिअर्स, सिग्नल्स, सप्लाय, ऑर्डनन्स. पुन्हा गुणानुक्रम, पुन्हा रिकाम्या जागा. म्हणजे ‘आर्मी’ हे एक उत्तर नाहीच, तो दुसऱ्या फॉर्मचा दरवाजा आहे. पुण्याचे जनरल मनोज नरवणे शीख लाइट इन्फंट्रीत गेले. त्यांच्यानंतर लष्करप्रमुख झालेले नागपूरचे जनरल मनोज पांडे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे इंजिनिअर, त्यांचं केंद्र आपल्या खडकीला. नरवण्यांचे वडील तर हवाई दलात होते. गंमत बघ : नरवणे, अॅडमिरल करमबीर सिंग आणि एअर चीफ मार्शल भदौरिया हे तिघं एकाच वेळी आपापल्या दलाचे प्रमुख होते, तिघंही एनडीएच्या एकाच, ५६ व्या कोर्सचे, आणि तिघांचेही वडील हवाई दलातले. घराण्याच्या परंपरेने दल ठरलं असतं तर लष्कराला आणि नौदलाला त्या वर्षी दुसरे प्रमुख शोधावे लागले असते.

शीख पलटणीत गेलास तर पंजाबी शिकावी लागेल, गोरखांत गेलास तर त्यांची गोरखाली. अधिकाऱ्याने जवानांची भाषा बोलायची, हा रिवाज आहे. आणि पायदळातल्या तरुण अधिकाऱ्याचं काम काय? आमच्या स्क्वाड्रनचा तिसरा एक जण योगायोगाने मराठा लाइट इन्फंट्रीतच गेला. तो कोकणस्थ, पुण्यात वाढलेला, आणि त्याच्या कंपनीतली निम्मी मुलं तुमच्या माण-खटाव-कोरेगावकडची. मी एकदा सुट्टीत असताना तो भेटला. म्हणाला, "तुला सांगतो, मी दिवसभर पाय बघतो." उंचावर, बर्फात, रोज संध्याकाळी तो बंकरमध्ये एकेकाला बूट-मोजे काढायला लावायचा आणि बॅटरीच्या उजेडात बोटं तपासायचा. पांढरी पडलीत का, दाबल्यावर रंग परत येतो का. बोट काळं पडलं म्हणजे उशीर झाला. मोजे कोरडे नसले की ज्याचे ओले त्याला आणि त्याच्या सेक्शन कमांडरला, दोघांनाही बोलणी. मग चुलीपाशी बसून अर्ज ऐकायचे. "साहेब, म्हस व्यायला झालीय, घरी कोण न्हाई, आठ दिस रजा पायजे." "साहेब, भावकीनं बांध कोरलाय." त्याने तेवीसाव्या वर्षी साताऱ्याच्या कलेक्टरला बांधाच्या भांडणावर पत्रं लिहिली आहेत. त्याच्या हाताखालचा सुभेदार त्याच्या वडिलांच्या वयाचा होता. तो ‘जी साहेब’ म्हणायचा आणि मग जे करायला हवं ते साहेबाला हळूच सुचवायचा.

ते ऐकताना मला कळलं की मी हे काम वाईट केलं असतं. मला यंत्रं आवडतात, आकडे आवडतात, नकाशावरची पेन्सिलची रेघ आवडते. माणसांच्या घरच्या गोष्टी मी ऐकतो, पण अर्ध्या तासाने माझं लक्ष उडतं. नौदलातही माणसं असतात, अर्थातच. पण तिथे तुझी माणसं आणि तू एकाच लोखंडाच्या पोटात असता, जहाज बुडालं तर सगळे एकत्र, आणि बहुतेक वेळ सगळे कुठल्या ना कुठल्या यंत्राकडे बघत असतात. पायदळात यंत्र म्हणजे ते पाय. हवाई दलात लढायला पुढे जातो तो बहुधा अधिकारीच, आणि त्याचं विमान सज्ज ठेवणारी माणसं तळावर त्याची वाट बघत थांबतात.

म्हणून आजोबांना ‘कुठे जाऊ’ असं विचारू नकोस. त्यांना विचार, "तुम्हाला आठवणारा सगळ्यात चांगला साहेब कोणता होता आणि तो दिवसभर काय करायचा?" आणि मग, "वाईट साहेब कोणता होता?" दुसऱ्या प्रश्नाला ते जास्त खुलतील. हवालदाराने साहेबांना जितकं जवळून पाहिलेलं असतं तितकं कुठल्याच क्लासच्या सरांनी पाहिलेलं नसतं. ऐकताना तुझं तुलाच समजेल, हे आपल्याला जमेल, आवडेल, की नुसता अभिमान वाटतोय. अभिमान वाटणं चांगलंच, पण अभिमानाने ओले मोजे तपासले जात नाहीत.

आता तुझ्या फॉर्मकडे येऊ. पहिली पसंती सगळेच मन लावून लिहितात. दुसरी तिथेच बसल्याबसल्या, घाईत, शेजारच्याने लिहिली म्हणून. माझं मत असं की तुझं खरं काय ते दुसरीत दिसतं. यादीतल्या जागांचा हिशोब बघितलास तर पहिली न मिळणारे भरपूर असतात, विशेषतः नेव्ही पहिली लिहिणारे. ४२ जागा संपायला वेळ लागत नाही. तेव्हा असं कर : पहिली पसंती झाकून ठेव आणि समज, ती गेली. दुसऱ्या नावाच्या दलात तू पस्तिशीला काय करत असशील, त्याचा एक साधा दिवस, युद्धाचा नव्हे, परेडचा नव्हे, एखाद्या मंगळवारचा, वहीत पानभर लिहून काढ. लिहवलं गेलं तर ती पसंती खरी. दोन ओळींत पेन अडलं तर ते दल अजून तुला माहीतच नाही. माहिती काढ किंवा खाली ढकल. आणि एखाद्या दलात कुठल्याही परिस्थितीत जायचं नसेल तर ते लिहूच नकोस. सगळे रकाने भरायची सक्ती नाही. फक्त न लिहिलेल्या दलासाठी तुझा विचार होणार नाही, हे ठाऊक असू दे.

पत्रावरून मला तू कसा दिसतोस, तेही सांगतो, चूक निघालो तर कळव. गणित बरं की नाही ते तू लिहिलं नाहीस. पळतोस की नाही तेही नाही. पण चार जणांचं म्हणणं तू नीट, कुणाची टिंगल न करता, ज्याच्या-त्याच्या शब्दांत मांडलंस. आपल्याला काय लागतं-टोचतं तेही लपवलं नाहीस. असा मुलगा चुलीपाशी बसून म्हशीचा अर्ज ऐकून घेईल, असं मला वाटतं. मी तुझ्या जागी असतो तर आर्मी वर आणि नेव्ही दुसरी लिहिली असती, आणि एअर फोर्स फक्त तेव्हाच लिहिलं असतं जेव्हा जमिनीवरचं काम चालेल असं मनापासून वाटलं असतं. नौदलाचा माणूस हे लिहितोय म्हटल्यावर माझे जुने जहाजबंधू मला चहाला बोलावणार नाहीत. हरकत नाही.

याच विषयावर दोन मुलींची पत्रं आली आहेत, वाई आणि परभणीहून. त्यांना वेगळं उत्तर लिहितोय, पण एवढं इथेच सांगतो : २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एनडीए मुलींना खुली झाली, आणि पहिल्या तुकडीतल्या १७ जणी ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. पायदळ आणि रणगाडे अजून मुलींना खुले नाहीत, तोफखाना आहे, जहाजं आहेत, लढाऊ विमानंही आहेत. वरचा वहीचा खेळ तुम्हीही खेळा.

आणि यंदा नाही झालं तर? एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा असते, साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात. त्याशिवाय जेईई मेन्सच्या गुणांवर आर्मीची आणि नेव्हीची टेक्निकल एन्ट्री आहे, पदवीनंतर सीडीएसची प्रवेश परीक्षा आहे, हवाई दलासाठी अॅफकॅट आहे. माझ्या ओळखीचे काही उत्तम अधिकारी एनडीएत दोनदा नापास झालेले आहेत. आणि तुला धाकटा भाऊ असेल तर त्याला सांग, ‘गणित अवघड जातं’ म्हणून अकरावीला ते सोडू नकोस. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सशिवाय नेव्ही आणि एअर फोर्स दोन्ही जातात, आणि आर्मीसाठी कुठलीही शाखा चालत असली तरी लेखी परीक्षेत तो ३०० गुणांचा गणिताचा पेपर असतोच.

कुंभार्ली घाटात पुढच्या वेळी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बस, मोबाइल खिशात ठेव आणि नजर लांब, वळणाच्या पलीकडे ठेव. पोट अगदी रिकामं नको, अगदी भरलेलंही नको. जहाजावर मला हेच सांगितलं होतं, आणि खिशात आल्याचा तुकडा.